मनगटावरचा दूरध्वनी

घड्याळ विकत घेताना पूर्वी माणूस तीन गोष्टी विचारीत असे. वेळ बरोबर दाखवते का, किल्ली किती तासांनी द्यावी लागते, आणि पावसात भिजले तर काय होते. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, की घड्याळ मनगटावर चढे, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे त्याच्याविषयी कोणी कोणास काही विचारीत नसे. आज बाजारात जे नवे घड्याळ आले आहे, त्याच्या बाबतीत मात्र एक चौथाच प्रश्न सर्वांत मोठा होऊन बसला आहे. ह्या घड्याळाला कोणत्या मोबाइल कंपनीची जोडणी घ्यावी, आणि तिच्यासाठी प्लॅन कोणता निवडावा?

घड्याळाने असा प्रश्न विचारायला लावावा, ही गोष्ट वयस्कर मंडळींना थोडी विपरीत वाटते. परंतु घड्याळाने दूरच्या कोणावर तरी विसंबून राहण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. ह्या दृष्टीने जबलपूर शहराची हकीकत मोठी बोलकी आहे. १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादहून जबलपूरला येऊन पोचला, आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेले ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ तेथे येऊन मिळाले. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली ती अशी जबलपुरात. तोवर गावची वेळ गावचा सूर्य ठरवीत असे. आगगाडीला ते परवडण्यासारखे नव्हते. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण मानली. मद्रास आणि जबलपूर ह्यांच्या रेखांशांत फारसे अंतर नसल्यामुळे स्टेशनातले घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य ह्यांच्यात तेथे जेमतेम एका मिनिटाचा फरक पडत असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मात्र जबलपूरच्या सूर्याला घड्याळाच्या दहा मिनिटे मागे राहावे लागले. तात्पर्य, मनगटावरच्या यंत्राने परक्याशी जुळवून घ्यावे ही रीत जुनीच आहे. पूर्वी ते वेळेपुरते जुळवून घेई. आता ते बोलण्यापुरतेही जुळवून घेते, एवढाच फरक.

हा प्रश्न घरात कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी जबलपूरच्या राइट टाउनमधले एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती त्या काळात ह्या घरातले आजोबा नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इकडचेच झाले. आजचे यजमान गन कॅरेज फॅक्टरीतून, म्हणजे जबलपूरकरांच्या तोंडच्या जीसीएफमधून, निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे. घरात ते आणि त्यांची पत्नी अशी दोघेच. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. असली घरे आज नागपुरात, इंदुरात, बडोद्यात, कोठेही सापडतील.

एके दिवशी अमेरिकेहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मुलीने वडिलांसाठी एक घड्याळ पाठविले. फोन जवळ नसला तरी ह्या घड्याळावरून थेट बोलता येते, आणि घालणारा माणूस जोरात पडला तर ते आपणहून मदत मागते, असे तिने कळविले. पुण्याहून मुलाचा निरोप आला, "बाबा, आता फक्त सिमचं तेवढं बघून घ्या." बाबा बाजारात गेले. दुकानातल्या मुलाने नम्रपणे विचारले, "दादाजी, सबसे सस्तावाला कर दूँ?" आणि बाबांनी मान हलविली, कारण स्वस्त म्हणजे चांगले नव्हे हे ज्यांना जन्मभर ठाऊक असते, त्यांनादेखील न समजणाऱ्या वस्तूच्या बाबतीत किंमत हाच एक आधार वाटतो.

परंतु घड्याळाच्या बाबतीत हा आधार फसवा आहे. तो का फसवा आहे हे समजण्यासाठी हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहणे अवश्य आहे. असले घड्याळ तीन वाटांनी जगाशी बोलते. फोन जवळ असला, म्हणजे साधारण एका खोलीच्या टप्प्यात असला, तर ते ब्लूटूथने फोनशी जोडलेले राहते आणि सारे काम फोनकडूनच करवून घेते. फोन दूर असला, पण ओळखीचे वायफाय असले, तर ते त्या वाटेने जाते. ह्या दोन्ही वाटा नसल्या म्हणजेच ते स्वतःच्या पायावर उभे राहते, आणि टॉवरशी थेट संधान बांधते. ह्या तिसऱ्या वाटेसाठी त्याच्या पोटात ई-सिम असते. ई-सिम म्हणजे हातात धरता येईल असे कार्ड नव्हे. यंत्रातच कायमची बसविलेली ती एक चकती असते, आणि कंपनी तिच्यावर ग्राहकाची ओळख दुरून उमटविते.

भारतात ही सोय मे २०१८ पासून मिळू लागली. त्या महिन्याच्या ११ तारखेस अ‍ॅपलचे असे घड्याळ येथे विक्रीस आले आणि एअरटेल व जिओ ह्या दोन कंपन्यांनी त्याला जोडणी देऊ केली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने ई-सिमच्या वापरासंबंधी सूचना काढल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत घड्याळाच्या जोडणीसाठी दरमहा साधारण दहा डॉलर वेगळे मोजावे लागतात. भारतात ह्या दोन कंपन्यांनी आरंभी त्यासाठी जादा आकार लावला नाही. मूळ फोनचा जो प्लॅन असेल त्यातच घड्याळाचे बोलणे धरले गेले. आकार आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या त्या वेळी विचारून घ्याव्यात हे खरेच. पण सारांश असा, की आपल्याकडे किमतीचा प्रश्न पहिला नाही. त्याच्या आधी चार प्रश्न आहेत, आणि ते चारही पैशांचे नाहीत.

पहिला प्रश्न, घड्याळ कोणत्या देशासाठी बनले आहे? मोबाइलच्या लहरी सर्व देशांत एकाच कंपनसंख्येवर चालत नाहीत. भारतात ४जी सेवेसाठी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्‌झ अशा निरनिराळ्या पट्ट्या वापरात आहेत. फोनमध्ये जागा ऐसपैस असल्यामुळे जगातल्या पुष्कळशा पट्ट्या त्यात बसविता येतात; घड्याळात तेवढी जागा नसते, म्हणून कारखानदार निरनिराळ्या खंडांसाठी निरनिराळी प्रतिमाने काढीत आले आहेत. तेव्हा अमेरिकेत प्रेमाने विकत घेतलेले घड्याळ जबलपूरच्या टॉवरची भाषा ऐकूच शकत नाही असे होऊ शकते. ह्या घरात नेमके तेच घडले. फोन शेजारी असेतो घड्याळ सुरळीत चालले. फोन घरी ठेवून यजमान फाटकाबाहेर गेले, की ते मुके झाले. दोष कंपनीचा नव्हता, प्लॅनचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच. भेटवस्तू पाठविण्यापूर्वी तिचा प्रतिमान क्रमांक आणि तिला मानवणाऱ्या पट्ट्या ताडून पाहाव्यात, एवढेच राहून गेले होते.

दुसरा प्रश्न, घड्याळाचा जोडीदार फोन कोणता? अ‍ॅपलच्या घड्याळाला आयफोन लागतो. सॅमसंगची अलीकडची घड्याळे आयफोनशी जुळत नाहीत, त्यांना अँड्रॉइड फोन लागतो. शिवाय नेहमीच्या व्यवस्थेत फोन आणि घड्याळ ह्यांना एकच क्रमांक मिळतो, आणि त्यासाठी दोहोंची जोडणी एकाच कंपनीची असावी लागते. फोन एका कंपनीचा आणि घड्याळ दुसरीचे, असा संसार ह्या व्यवस्थेत चालत नाही. म्हणून "घड्याळासाठी कोणती कंपनी?" हा प्रश्न वस्तुतः "फोनसाठी कोणती कंपनी?" असाच असतो. फोनची कंपनी बदलायची तर क्रमांक तोच ठेवून ती बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही क्रमांक कायम ठेवता येऊ लागला. मात्र एका कंपनीकडे नव्वद दिवस काढल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. चुकीच्या कंपनीत जाऊन पडल्यास तीन महिने तेथेच राहावे लागते, हे ध्यानात ठेवून पाऊल टाकावे. प्रीपेड ग्राहकाला ही सेवा मिळते, की केवळ पोस्टपेडला, हेही आधीच विचारावे. कंपनीगणिक उत्तर निराळे असते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो दुकानात बसून सुटत नाही. घड्याळ घालणारा माणूस फोन न घेता जातो कोठे? राइट टाउनमधल्या त्या घरात हा प्रश्न पुण्याच्या मुलाने एका रविवारी फोनवर विचारला, आणि घरात थोडा वेळ शांतता पसरली. यजमान फोनशिवाय कोठेच जात नाहीत. ते सकाळी कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी फोन सदऱ्याच्या खिशात असतो. घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधण्याचा बेत सर्वांनी केला होता, कारण घरात घड्याळ बांधणारे तेच होते. परंतु फोन घरी ठेवून बाहेर पडणारे माणूस वेगळेच होते. यजमानांची पत्नी गेली कित्येक वर्षे पहाटे नर्मदेवर जाते. रिक्षाने ग्वारीघाटापर्यंत, तेथून पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत. हातात तांब्या, फुलांची परडी, ओला पदर. फोन न्यावा तर पाण्यात पडण्याचे भय. "अहो, नर्मदामाईच्या काठी मला कोणाला फोन करायचाय?" असे म्हणून तो त्या देवघरातल्या फळीवर ठेवून जात. मागच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला होता. गुडघा सुजेपर्यंत ही गोष्ट त्यांनी घरी सांगितलीच नव्हती.

तेव्हा मनगट चुकले होते. घड्याळ आईसाठी हवे होते, आणि आईचा फोन बटणांचा होता. त्याला कोणतेही असे घड्याळ जोडता येत नव्हते. एवढेच नव्हे, तर तिचा क्रमांकही यजमानांच्या नावावर होता. भारतातल्या असंख्य घरांची हीच स्थिती आहे. बायकोचा फोन नवऱ्याच्या नावाचा, आईचा फोन मुलाच्या नावाचा. साध्या बोलण्यात त्याने काही अडत नाही; पण ई-सिम उमटविताना कंपनी ग्राहकाची ओळख पटवून घेते, त्या वेळी कागदावरचा ग्राहक आणि मनगटाचा धनी एकच असला म्हणजे पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात. कुटुंबातल्या एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या घड्याळाची व्यवस्था पाहता येईल, आणि घड्याळाला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळेल, अशीही एक पद्धत आहे. परंतु ती सर्व कंपन्या देतातच असे नाही. साधी वाट अशी, की ज्याचे मनगट, त्याचाच फोन, त्याचाच क्रमांक, आणि क्रमांक त्याच्याच नावावर.

चौथा प्रश्न ह्या तिसऱ्याच्याच पोटातला आहे. जेथे ते माणूस एकटे जाते, तेथे कोणत्या कंपनीची रेंज आहे? जबलपूरची भूमी ह्या बाबतीत परीक्षा पाहणारी आहे. मदनमहालाच्या बाजूला ग्रॅनाइटच्या टेकड्या, नदीकाठी खोल उतरलेले घाट, आणि शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर भेडाघाट. भेडाघाटला दोन्ही बाजूंनी शंभर फुटांच्या घरात उंच असे संगमरवरी कडे उभे आहेत, आणि त्यांच्या मधून नाव जाते. वरच्या रस्त्यावर ज्याच्या फोनवर चारही काड्या उभ्या असतात, त्यालाच खाली नावेत एकही काडी दिसेल असे नाही. कारण दगड लहरी अडवितो.

ह्यात लहरींचाही स्वभाव आहे. ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते, २३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची १३. लांब लहर दूरवर जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते. आखूड लहर पुष्कळ माहिती वाहून नेते, पण अडथळ्यापाशी लवकर थकते. घड्याळाचा अँटेना बोटभर जागेत मावणारा, त्यातून तो हाताच्या कातडीला चिकटलेला. शरीर स्वतःच काही लहरी शोषून घेते. त्यामुळे जेथे फोनला कशीबशी रेंज मिळते, तेथे घड्याळाला ती मिळेलच असा भरवसा धरता येत नाही. फोनवर एक काडी असेल तर घड्याळासाठी ती शून्य समजावी, हा हिशेब सावधपणाचा आहे. पाण्याखाली तर ह्या लहरी जवळजवळ पोचतच नाहीत. घड्याळाला पाणी चालते ह्याचा अर्थ पाण्यातून बोलता येते असा नव्हे.

टेलिकॉम नियामक प्राधिकरणाच्या २०२४ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला आपली सेवा कोठे पोचते ह्याचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. ते अवश्य पाहावेत. परंतु नकाशातला रंग घाटाच्या वरच्या रस्त्याचा असतो की खालच्या पायरीचा, हे नकाशा सांगत नाही. त्याला उपाय एकच, आणि तो फुकट आहे. शेजारच्या, नात्यातल्या ज्या कोणाकडे निरनिराळ्या कंपन्यांची सिमे आहेत, त्यांना बरोबर घेऊन त्या जागी जावे, आणि त्याच वेळी जावे. वेळेलाही महत्त्व आहे. ग्वारीघाटावर एरवीच्या पहाटे जेथे सहज बोलता येते, तेथेच नर्मदा जयंतीच्या दिवशी माणसांची एवढी दाटी होते, की एकेका टॉवरवर हजारो फोन तुटून पडतात आणि रेंज दिसत असूनही कॉल लागत नाही. ज्या कंपनीचा आवाज गर्दीच्या दिवशीही खालच्या पायरीवर पोचतो, ती त्या घरासाठी चांगली कंपनी. मग शेजारच्या गल्लीत तिचे नाव काहीही असो.

१८७० साली जबलपूरच्या प्रवाशाला एका कंपनीचे रूळ संपले की दुसरीच्या गाडीत बसता येत होते. एकाच क्रमांकावर चालणाऱ्या घड्याळाला ही मुभा नाही. ते आपल्याच कंपनीच्या जाळ्यावर धावते, आणि ते जाळे संपले की थांबते. आपत्कालीन कॉल तेवढा ह्याला सामान्यतः अपवाद आहे. ११२ ह्या क्रमांकाचा कॉल जे जाळे उपलब्ध असेल त्यावरून जाऊ शकतो. तथापि अपवादावर संसार उभा करू नये. पडलेल्या माणसाला पोलिसांइतकाच घरचा माणूसही हवा असतो, आणि घरच्या माणसापर्यंत जाणारा निरोप आपल्याच कंपनीच्या वाटेने जातो.

हे चार प्रश्न सुटले म्हणजे मग प्लॅनकडे वळावे; आणि तेथे गेल्यावर असे दिसते, की घड्याळाची भूक फार लहान आहे. त्यावर कोणी चित्रपट पाहत नाही. दोन-चार कॉल, काही निरोप, क्वचित नकाशा, एवढेच त्याचे काम. म्हणून मोठ्या डेटाचा महागडा प्लॅन घड्याळासाठी घेण्याचे कारण नाही. परंतु त्याला एक गोष्ट मात्र न चुकता लागते, ती म्हणजे जिवंत रिचार्ज. घड्याळाचा श्वास मूळ क्रमांकाच्या प्लॅनवर चालतो. प्लॅन संपला, की घड्याळ पुन्हा केवळ वेळ दाखविणारे यंत्र होते. प्रीपेडचे पुष्कळ प्लॅन २८ दिवसांचे असतात. म्हणजे वर्षाकाठी तेरा वेळा आठवण ठेवावयाची, आणि तेरांतली एक विसरली तर नेमक्या त्या दिवशी पाय घसरावयाचा. ह्या अडचणीची दखल घेऊन प्राधिकरणाने २०२२ साली असे ठरविले, की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा एक तरी आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा एक तरी प्लॅन ठेवावा. वयस्कर माणसासाठी वर्षभराचा प्लॅन, किंवा मुलाच्या खात्यातून आपोआप भरले जाणारे पोस्टपेड बिल, हे त्याहूनही बरे. दरमहा थोडे अधिक पडले तरी ती किंमत विसरण्यापासून मिळणाऱ्या मुक्ततेची आहे.

येथे एक खाचखळगा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले. साध्या फोनवर समाधानी असलेल्या वृद्धांना ही मोठी सोय झाली. परंतु ज्या प्लॅनमध्ये डेटा मुळीच नाही, त्यावर घड्याळाची जोडणी चालेल असे गृहीत धरू नये. दुकानात जाऊन "सबसे सस्ता" मागणाऱ्याच्या हाती नेमका हाच प्लॅन पडण्याचा संभव आहे. तेव्हा "ह्या प्लॅनवर घड्याळ चालेल काय?" हा प्रश्न कंपनीच्या अधिकृत केंद्रात स्पष्ट शब्दांत विचारावा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ई-सिमला कार्ड नसल्यामुळे क्रमांकाची मालकी दुरूनच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येते. चोराला हेच हवे असते. "कंपनीतून बोलतो आहे, तुमचे ई-सिम चालू करावयाचे आहे, आलेला ओटीपी सांगा," असा फोन येतो. ओटीपी सांगितला, की क्रमांक चोराच्या यंत्रात जातो आणि बँकेचे निरोपही त्याच्याकडे जाऊ लागतात. आपला फोन अचानक रेंजविना मुका झाला तर ती टॉवरची खोड समजून स्वस्थ बसू नये; दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि पैशांची फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर तात्काळ कळवावे. घड्याळाची जोडणी आपण स्वतः होऊन मागितली असेल तेव्हाच करावी. कोणी आपणहून देऊ केली तर ती घेऊ नये, हा नियम पुरेसा आहे.

सर्व जुळून आल्यावरही एक परीक्षा बाकी राहते, आणि ती टाळणारे पुष्कळ आहेत. फोन घरी बंद करून ठेवावा, आणि केवळ घड्याळ घेऊन त्या जागी जावे. तेथून घरी बोलून पाहावे; घरून घड्याळावर बोलावून पाहावे; निरोप पाठवून पाहावा. काही घड्याळांत कॉल फोनविना येतात, पण साधे एसएमएस आणि अन्य अ‍ॅपचे निरोप येण्यासाठी घरचा फोन चालू आणि जाळ्याशी जोडलेला असावा लागतो. हा बारकावा परीक्षेवाचून कळत नाही. पडल्याचे ओळखण्याची सोय चालू आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. अ‍ॅपलच्या घड्याळात ती, वापरणाऱ्याने आपले वय ५५ किंवा अधिक नोंदविले असल्यास, आपोआप चालू होते. अन्यथा हाताने चालू करावी लागते. ११२ क्रमांक मात्र गंमत म्हणून लावू नये. त्याच क्षणी कोणाला तरी त्याची खरी गरज असते. आणि रात्री घड्याळ चार्जिंगला लावण्याची सवय, ही किल्ली देण्याच्या जुन्या सवयीची जागा घेणारी म्हणून, पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी.

राइट टाउनमधल्या त्या घराने शेवटी काय केले? मुलीचे अमेरिकन घड्याळ यजमानांच्या मनगटावर राहिले. फोन त्यांच्या खिशात असतोच, त्यामुळे त्यांचे काही अडले नाही. आईचा क्रमांक तिच्या स्वतःच्या नावावर झाला, बटणांच्या फोनच्या जागी नवा फोन आला, आणि भारतात विकत घेतलेले घड्याळ त्याला जोडले गेले. कंपनी निवडली ती तीन शेजाऱ्यांचे फोन घेऊन घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून. जी कंपनी घरात सर्वांत चांगली ऐकू येत होती, ती तेथे सर्वांत कमकुवत निघाली. आईची पहिली तक्रार मात्र रेंजविषयी नव्हती. "मी कुठे जाते, कधी येते, ते आता पुण्यात बसून बघणार का तुम्ही?" असे तिने मुलाला विचारले. प्रश्न रास्त होता. माणसाच्या हाती दिलेली मदत आणि त्याच्या मागे लावलेली पाळत ह्यांच्यात फार थोडे अंतर असते. मुलाने उत्तर दिले, "आई, ते बंद ठेवू. तू बोलावलंस तरच वाजेल." आणि खरोखरच ठावठिकाणा दाखविण्याची सोय बंद ठेवण्यात आली. हा निर्णय कोणत्याही प्लॅनमध्ये छापलेला नसतो. तो घरातच करावा लागतो, आणि ज्याचे मनगट त्याच्या संमतीने करावा लागतो.

जबलपूरला संदेशवहनाची परंपरा मोठी आहे. भारतीय सेनेच्या संदेशवाहक दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. १९४२ साली सुरू झालेली, आणि आज भारतरत्न भीमराव आंबेडकर ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी दूरसंचार प्रशिक्षण संस्थाही तेथेच आहे. संदेश धाडणाऱ्याचे काम पुरे होते ते संदेश पोचल्याची खूण परत आल्यावर, हा ह्या विद्येतला अगदी पहिला धडा. घड्याळाचा प्लॅन निवडणाऱ्यानेही तोच धडा लक्षात ठेवावा. दुकानातल्या दरपत्रकावर निवड पुरी होत नाही. ती पुरी झाली त्या दिवशी, जेव्हा पहाटेच्या धुक्यात ग्वारीघाटाच्या शेवटच्या पायरीवरून आईने मनगट तोंडाशी नेऊन "अरे, ऐकू येतंय का?" असे विचारले, आणि पुण्याहून झोपमोड झालेला आवाज आला, "येतंय, आई. सावकाश वर ये."